डाळीतली पुरचुंडी

आठवड्याच्या डब्यांची शेव तळून झाल्यावर झुंबरबाईने डाळीची रिकामी कोठी पुसायला घेतली, तर तळाशी पाऱ्याच्या गोळ्यांची पुरचुंडी सापडली. डाळीला कीड लागू नये म्हणून तिनेच ठेवलेली. गाठ सुटली होती, आत एकही गोळी नव्हती. म्हणजे विष डाळीबरोबर गिरणीत दळलं जाऊन शेवेत आलं. रेल्वेत गार्ड असलेला नवरा शेवेचा डबा घेऊन सकाळीच खंडव्याच्या मालगाडीवर गेला होता. आणि नैवेद्याची वाटीभर शेव खाऊन सासू खाटेवर निपचित पडली होती. "आत्याबाई," तिने खांदा हलवला. सासूने डोळे उघडून तिच्या हातातलं फडकं पाहिलं. "दयणना आगुदरच मी गोया काढ्यात. तांदूयनी कोठीमा शेतस." झुंबरबाईने तांदळात हात घातला. दळणाआधीच काढून ठेवलेल्या गोळ्या तिथे होत्या. तरी पोरं डबे उघडायला लागली, तशी तिने आधी स्वतः मूठभर शेव तोंडात टाकली. "थांबा, पहिले मना पोटमा जिरू द्या."