बडोद्याची परिषद

गुणाजीने लाडू निळ्या डब्यात ठेवला आणि तो दूध आणायला गेला. गुणाजी म्हणजे चंद्रप्रकाशचा भोक पडलेला मोजा. त्याच्या पाठोपाठ सुगंधा आली. ती त्याच जोडीतला दुसरा मोजा. तिने लाडू उचलला आणि पत्र्याच्या डब्यात टाकला.

"आता गुणाजी परत आला," रत्नप्रभाबाईंनी मोज्यातला हात हलवला. "तो लाडू कुठे शोधेल?"

"पत्र्याच्या डब्यात," चार वर्षांची शकु म्हणाली.

"अगं, सुगंधाने लाडू हलवला तेव्हा तो इथे नव्हता. त्याला कसं कळणार?"

"मी सांगणार ना त्याला!"

रत्नप्रभाबाई खूश झाल्या. कॉलेजात त्या बालमानसशास्त्र शिकवायच्या, आणि मुलुंडच्या त्या बिल्डिंगमधलं एकही पोर त्यांच्या तावडीतून सुटलेलं नव्हतं. शहाऐंशी साली त्यांचा प्रश्न एकच होता. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलाला कधी कळतं? तळमजल्यावरचा एक मुलगा म्हणाला होता, गुणाजी शेजारच्या काकूंना विचारेल. मुंबईत हेच शास्त्रशुद्ध उत्तर, असा शेरा त्यांनी मारला होता.

"सख्ख्या नातीला नापास केलंस?" नलिनीने विचारलं. ही त्यांची मुलगी, शकुची आत्या.

"नापास कसली! लहान आहे अजून. आपल्याला कळलं की जगाला कळलं, असं वाटतं तिला." त्यांनी लाडू तोंडात टाकला.

"आई, तुला साखर आहे!"

"पुरावा नष्ट करतेय."

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे वळताना त्या कोसळल्या.

शकुला तिच्या मामाकडे, कांजूरमार्गला पाठवलं. तेरावा झाला. आता तिला परत आणायचं, तर सांगायचं कुणी? चंद्रप्रकाश तिचा बाप. त्याने सरळ बहिणीकडे बोट केलं.

"नलू, तूच सांग. आईचे सगळे लेख तूच टाइप केलेस."

केले होते खरे. नलिनीला ते जवळजवळ पाठ होते. मुलांना 'देवाघरी गेली' असं सांगू नये, मुलं पत्ता विचारतात. 'गेली' तर मुळीच म्हणू नये, मुलं विचारतात कधी येणार. 'मेली' म्हणावं. शब्द ओबडधोबड आहे, पण त्याला परतीचं तिकीट नाही. रत्नप्रभाबाईंनी हे एका पालकसभेत सांगितलं, तेव्हा दोन आया उठून गेल्या होत्या.

शकु दारात चपला काढत होती. "आजी कुठेय?"

"बडोद्याला," नलिनी म्हणाली. "परिषदेला."

शकुच्या मागे उभी असलेली तिची आई, विमला, बघतच राहिली. पोरगी पाय धुवायला आत गेली तेवढ्यात नलिनीने भिंतीवरचा फोटो हारासकट कपाटात कोंबला.

परिषद लांबत गेली.

"बडोद्याला थंडी असते?"

"असते थोडी."

"मग आजीचा स्वेटर?"

"नेलाय."

"बरं," शकु म्हणायची आणि आत्याच्या गुडघ्यावर थोपटायची. पोरीला पटलंय, असं नलिनीला वाटायचं. तिने परिषदेला जेवणाची सुट्टी दिली, उद्घाटनाला पाहुणे दिले, एकदा तर मांडवाला आगही लावली आणि मग घाबरून विझवली.

"नलूताई, किती दिवस हे?" विमला स्वयंपाकघरात कुजबुजायची. "बडोदा काय लंडन आहे?"

"सांगते गं. रविवारी."

रविवार यायचे आणि दूरदर्शनवर पिक्चर लागायचा.

बाकीच्यांशी सोपं होतं. भेटायला येणारे स्वतःच बोलायचे, ती फक्त चहा द्यायची. फोनवर कुणी विचारलं, मॅडम आहेत का, तर ती म्हणायची, नाहीत. बाहेर गेल्यात? हो. फोन ठेवला की तिला चक्क बरं वाटायचं, आई खरंच कुठेतरी बाहेर गेल्यासारखं. लेखांमधला तो शब्द तिने कित्येकदा टाइप केला होता. तोंडाने तो अजून एकदाही निघाला नव्हता.

एका दुपारी फोन वाजला, तेव्हा तिचे हात कणकेत होते.

"शकु, घे गं जरा!"

बाहेरच्या खोलीत शकुने रिसीव्हर उचलला.

"हॅलो. कोण मॅडम? आजी? आजी मेली."

नलिनीचे हात थांबले.

"हो. मला मामाने सांगितलं ना." मग शकुचा आवाज एकदम खाली आला. "अहो, हळू बोला. आत्याला माहीत नाहीये. तिला वाटतं, आजी बडोद्याला गेलीय. सारखं तेच सांगत असते. तुम्ही सांगू नका हं तिला. रडेल ती."

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. अगदी हळू ठेवला होता.

नलिनी तशीच बाहेर आली, मनगटापर्यंत कणीक घेऊन.

"कोण होतं गं?"

शकुने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा नीट तपासला.

"राँग नंबर," ती म्हणाली.

नलिनी तिच्यासमोर फरशीवर बसली.

"शकु," ती म्हणाली, "माझी आई मेली."