भरलेला वर्ग

सुवर्णा हिवराळे वर्गात शिरल्या आणि दारातच थबकल्या. वर्ग गच्च भरला होता. विद्यापीठाच्या खामगाव-नांदुरा रस्त्यावरच्या उपकेंद्रात कला व मानव्यविद्या संकुलाच्या संचालक होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण दिवाळीनंतरच्या या आठवड्यात असा वर्ग त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीला त्यांनी उभं केलं.

"नाव काय तुझं?"

"प्रतीक्षा, मॅडम." मग तिनं जीभ चावली. "नाही, म्हणजे वंदना. वंदना म्हटलं की हजर म्हणायचं आहे मला."

"शिकतेस काय?"

"एम.कॉम. आजच्या दिवस एम.ए. इतिहास."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. संकुलातले मराठीचे प्राध्यापक शेखर सर घाईघाईनं पुढे आले. तपासणी समिती खाली कार्यालयात चहा घेत होती. बासष्टपैकी निम्मे विद्यार्थी वर्गात दिसले नाहीत, तर पुढच्या जूनपासून संकुलाचे प्रवेश बंद होणार होते. म्हणून शेखर सरांनी सकाळीच शेजारच्या वाणिज्य विभागाची त्रेचाळीस मुलं आणून बसवली होती. त्यात नवल काही नाही. तपासणीच्या दिवशी आज यांची मुलं तिकडे, उद्या त्यांची इकडे. लग्नाला शेजाऱ्याच्या सतरंज्या मागून आणाव्यात, तसंच.

"आपली पोरं कुठं आहेत, शेखर?"

"तुमाले माहीत नाही का मॅडम? वेचणीले गेली. कापूस फुटून राह्यला वावरात, घरी कोन थांबन?"

"मग त्याइच्या जागेवर ह्याइले काऊन बसवलं?"

चिडल्या की मॅडमचं पुस्तकी मराठी गळून पडायचं. संकुलात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शेखर सर एक पाऊल मागे सरले.

"संकुल वाचवाले, मॅडम."

"जागाच भरून टाकली तं पोरगी नाही हे कोनाले दिसन?" त्या वर्गाकडे वळल्या. "वाणिज्यवाल्यांनी उठा. आपापल्या तासाला जा."

"मॅडम, सोताच्या पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यल्या तुमी."

"पाडते. पाय माझाच हाये."

मुलं उठून गेली. एकोणीस उरली, ती खामगावात आणि नांदुऱ्यात राहणारी. मधले बाक रिकामे झाले आणि वर्ग एकदम मोठा दिसू लागला.

समितीचे अध्यक्ष डॉ. सानप आत आले ते डोकी मोजतच. बरोबरचे दोन सदस्य दाराशीच उभे राहिले. सानपांनी दोनदा मोजलं आणि चष्मा काढला.

"एकोणीस? मॅडम, बासष्ट प्रवेश आहेत तुमचे."

"बाकीच्या कापूस वेचायला गेल्यात. बहुतेक मुलीच आहेत. संक्रांतीनंतर आम्ही दुप्पट तास घेऊन भरून काढतो, दरवर्षी. या वेचणीच्या मजुरीतूनच त्या जूनमध्ये फी भरतात, सर. वेचतात म्हणून शिकतात."

"ते ठीक आहे. पण गैरहजर म्हणजे गैरहजर. नियम काही मी केलेला नाही."

"तपासणीची तारीख कोनं काढली?"

"विद्यापीठानं."

"मग तुमी संकुल तपासलंच नाही. हंगाम तपासला."

दारातल्या एका सदस्यानं घड्याळ पाहिलं. मॅडमनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"सर, तुमी लोणारकडचे ना, बीबी गावचे? तुमच्या घरी कापूस कोन वेचे?"

"हा काय प्रश्न झाला?" सानप हसले. मग हसू ओसरलं. "बहीण. मोठी."

"किती शिकली?"

"सातवी. त्या वर्षी खाडे फार झाले तिचे. शाळेनं नाव कमी केलं."

हे इथे बोलायचं नव्हतं त्यांना. तोंडून निघून गेलं. मॅडमना त्या बहिणीसाठी वाईट वाटलं, सानपांसाठीही थोडंसं वाटलं. पण राग त्याहून मोठा होता.

"मी नाव कमी करत नाही," त्या म्हणाल्या. "एकोणीस लिहा. खोटंच दाखवायचं असतं, तर मघाशी वर्ग भरलेला होता. पण बाकीच्या कुठं आहेत, तेही शेजारी लिहा."

"त्याला रकाना नाही, मॅडम."

"आणा तो कागद इकडे."

सानपांनी छापील तक्ता दिला. का दिला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मॅडमनी टेबलावरची पट्टी घेतली, 'गैरहजर'च्या शेजारच्या कोऱ्या जागेत वरपासून खालपर्यंत रेघ ओढली आणि डोक्यावर लिहिलं, 'आज कुठे'.

"अहो, विद्यापीठाचा कागद आहे तो," घड्याळ पाहणारे सदस्य म्हणाले.

"पोरीही विद्यापीठाच्याच हायेत."

सानप पुढच्या रिकाम्या बाकावर बसले. कागद स्वतःकडे ओढून घेतला. पेनाचं टोपण काढायला त्यांना जरा वेळ लागला.

"सांगा," ते म्हणाले.

"रुख्मिणी दयाराम तायडे. इतिहास." मॅडमनी हजेरीपट उघडलाही नाही. "आज जलंब शिवारात हाये, दुसऱ्याच्या वावरात. अन् सर, तुमच्या ड्रायव्हरले सांगून द्या, जेवून घे म्हना. येळ लागन."