पिवळं दुपटं

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: सात वर्षांची एक मुलगी, आणि तिच्या जन्माआधी तिच्या आईने क्रोशाने विणलेलं पिवळं दुपटं. आई आता नाही. घरात नवी आई आहे, आणि तिला बाळ होणार आहे.

"लोकर अजून मऊ आहे गं," आत्या म्हणाली. "उसवून बाळासाठी नवं विणते. तू तर आता चांगली घोडी झालीस."

मुलीने बाबांकडे पाहिलं. ते पाळण्याचे स्क्रू आवळत होते. "आत्याचं ऐकावं," ते मान वर न करता म्हणाले.

उसवायला सुरुवात विणीच्या शेवटच्या गाठीपासून करायची होती, पण ती गाठ आत्याला सुटेना. "काय घट्ट मारलीय तुझ्या आईने. जा, कात्री आण."

"कात्री नको," मुलगी म्हणाली. दुपटं मांडीवर घेऊन ती आईची गाठ नखांनी हळूहळू सोडवू लागली.