कोरा गोळा

शेजारच्या आबिदाभाभीनं गल्लीतल्या जुन्या कपड्यांचे तुकडे अन् उसवलेल्या लोकरीचे गोळे अंगणात मांडून मोजायले घेतले. "कोणता गोळा कोणाच्या स्वेटरातून उसवला, डोळे बांधून सांगीन!"

"लागली शर्त!" मी म्हटलं. "हरला त्यानं वडश्याच्या बसस्टँडवर कान पकडून उठाबशा काढायच्या."

भाभीनं डोळ्याले दुपट्टा बांधला. मी दुकानातून आताच आणलेला कोरा गोळा हळूच तिच्या हातात सरकवला. सारी गल्ली तोंड दाबून हसून राह्यली होती.

"हा तर दिव्यानीच्या स्वेटराचा."

"हरल्या भाभी! कोरा आहे तो."

पण धागा कुरळा झाला होता, उसवल्यावर होते तसा. गल्लीनं मलेच खोटं ठरवलं. दिव्यानी माही पोरगी. ते स्वेटर घालूनच ती आज गडचिरोलीहून गाडीनं येऊन राह्यली होती.

भाभी गुंडाळतच राह्यली. गोळा वाढून राह्यला होता.

सारी गल्ली स्टँडवर आली, भाभीही गुंडाळतच मागं आली. माह्या उठाबशा सुरू झाल्या, लोकं टाळ्या पिटू लागले. तेवढ्यात गडचिरोलीची गाडी आली. दिव्यानी उतरली. स्वेटरची उजवी बाही खांद्यापर्यंत उसवली होती.

"बाबा, माहा हात आहे का नाई, मले समजूनच नाई राह्यलं."

मी भाभीकडं वळलो. गोळा तिच्या हातात फिरतच होता.

"भैयाजी," ती रडत म्हणाली, "मले थांबताच येऊन नाई राह्यलं."