मीटरचा आकडा

"दोनशे ब्याण्णव." मुलाने मीटर बाबांच्या डोळ्यांसमोर धरलं. "आता तरी सांगा, काय खाल्लंत?"

"काही नाही खाल्लं." कपाळावरचा घाम पुसताना बाबांचा हात थरथरत होता. "उलट साखर उतरल्यासारखं वाटतंय."

"परवापासून हेच चाललंय. चोरून खायचं आणि वर तोंड पुसून बसायचं."

"अरे, जन्मभर बस चालवली मी. काटा काहीही दाखवो, इंजिनाचं दुखणं मला सीटवर बसल्या बसल्या कळायचं."

"शरीर म्हणजे बस नव्हे, बाबा." मुलाने इन्सुलिन सिरिंजमध्ये भरलं. काल त्याने आपल्याच मनाने डोस वाढवला होता, आज आणखी वाढवला.

बाबांनी शर्ट वर केला. वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या आईला ते बघवेना. हा माणूस खोटं बोलला की लगेच पकडला जातो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"थांब," ती म्हणाली. "आधी डॉक्टरांना फोन लाव."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "घाम आणि थरथर? आधी साखरपाणी द्या. इन्सुलिन अजिबात नको. नवीन काही औषध चालू आहे का?"

"औषध असं नाही," आई फोनजवळ वाकून म्हणाली. "सर्दी झालीय ना, म्हणून मी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या देते. लवकर बरं वाटावं म्हणून दिवसातून चार-पाच."

"फार झाल्या त्या. काही मीटर अशाने फसतात, व्हिटॅमिनलाच साखर समजतात. गोळ्या बंद करा आणि त्यांना लॅबमध्ये घेऊन या."

आईने पेला बाबांच्या ओठांना लावला. "माझंच चुकलं हो," ती पुटपुटली. बाबांनी तिच्या मनगटावर थोपटलं आणि घोट घोट पीत राहिले. हळूहळू घाम ओसरला. मुलगा भरलेली सिरिंज घेऊन तसाच उभा होता. ती कुठे ठेवावी, त्याला सुचेना.

संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट आला. साखर चढलेली नव्हतीच. मुलाने तो पुन्हा पुन्हा वाचला. बाबांनी मागितलाही नाही.

सकाळी मुलगा नवं मीटर घेऊन त्यांच्याशेजारी बसला. पण डबी उघडायच्या आधी त्याने विचारलं, "बाबा, आज कसं वाटतंय?"

बाबांनी पुढे केलेलं बोट मागे घेतलं. या प्रश्नाची त्यांना सवय राहिली नव्हती.