चहाचा काय गुन्हा

चहा सोडल्याच्या तेविसाव्या सकाळी उस्तादांनी दुकान उघडलं, आरशावरचा दिवा लावला आणि उजवा हात उजेडात धरला. बोटं थरथरत होती. पहिल्या दिवशी होती तशीच, ना कमी ना जास्त.

मागे झाडू मारत असलेल्या लेकीनं ते आरशातून पाहिलं आणि मान खाली घालून ती पुन्हा झाडू लागली.

दाढी-कटिंगच्या या दुकानात दोन खुर्च्या होत्या, खिडकीजवळची उस्तादांची आणि आतली लेकीची. महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकाला कानाखाली वस्तरा लागला. रक्त थोडंच आलं, पण गिऱ्हाईक दाढी अर्ध्यावर टाकून निघून गेलं. समोरच्या औषधवाल्यानं लगेच निदान केलं, की दिवसाला सात कप चहा म्हणजे एवढं कॅफीन पोटात, मग हात हलायचाच. लेकीनं सुचवून पाहिलं, की बाबांनी आता नुसती कात्री चालवावी, वस्तरा तिच्याकडे द्यावा. उस्तादांनी वस्तरा खाली ठेवण्यापेक्षा कप खाली ठेवला.

चाळीस वर्षांची सवय ती. पहिला आठवडाभर डोकं असं ठणकत होतं की रेडिओचा आवाज सोसवेना. दुसऱ्या आठवड्यात ते गिऱ्हाइकांच्या डोक्यावर जांभया देत राहिले, आणि लेकीनं काही विचारलं की वस्सकन तिच्या अंगावर जात. ती बिचारी स्वतःचा चहा मागच्या बोळात उभी राहून पिऊन यायची. पण उस्तादांनी तेवीस दिवसांत घोटभरसुद्धा तोंडाला लावला नाही.

दहाच्या सुमारास मास्तर आले. तीस वर्षं त्यांची दाढी उस्तादांच्याच हातची. त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं, उस्तादांच्या हाताकडे पाहिलं, आणि आज जरा हिच्याकडे करून बघतो, असं पुटपुटत आतल्या खुर्चीत जाऊन बसले. बाकावर बसलेल्या तिघांनी एकाच वर्तमानपत्रात डोकं घातलं.

उस्तादांनी ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर गेले.

चहावाल्यानं किटली उचलली, पण ओतली नाही. "सोडला होतात ना?"

"सोडला होता. हात तसाच आहे. मग चहाचा काय गुन्हा?"

दोन्ही हातांनी धरूनही कपातला थोडा बशीत सांडला. उस्तादांनी आधी बशीतला प्यायला, मग कपातला, शेवटच्या थेंबापर्यंत. मग परतले.

लेक मास्तरांचा एक गाल उरकून दुसऱ्याकडे वळत होती. उस्तादांनी वस्तऱ्यात नवं पातं घातलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि ते आपल्याच खुर्चीत आरशासमोर बसले. ब्रश फिरवून तोंडभर फेस केला.

"बाबा, नको," लेक म्हणाली.

"उजेडातून बाजूला हो."

ती झाली. मास्तरांच्या गालावरचा फेस तसाच राहिला.

कानापासून हनुवटीपर्यंत वस्तरा एका दमात उतरवायचा, यासाठीच तर गल्लीनं त्यांना उस्ताद म्हणायला सुरुवात केली होती. आता तसं जमणार नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी करंगळी जबड्यावर घट्ट रोवली, डाव्या हातानं कातडी ताणली आणि बोटभर फेस काढला. थांबले. पातं पुसलं. पुन्हा बोटभर. पातं गालापर्यंत जाईस्तोवर हवेत थरथरायचं. टेकलं की थरथर पुष्कळशी निवायची, सगळी नाही.

हनुवटीखाली लागलंच. फेसात लाल ठिपका उमटला आणि बाकावरून कुणीतरी "च्च" केलं. उस्तादांनी त्यावर तुरटी फिरवली आणि गळ्याकडे वळले. कंठाच्या उंचवट्यावर पातं टेकवताना त्यांनी श्वास धरला. दुकानात कुणीच सोडला नाही.

एका दाढीला वीस मिनिटं लागली. एवढ्या वेळात पूर्वी ते चार माणसं मोकळी करत. तोंड धुऊन, पुसून ते उठले. ॲप्रन चढवला. खुर्ची बाकाकडे वळवली आणि स्वच्छ कापड झटकलं.

"वेळ लागेल," ते म्हणाले. "आणि वस्तरा लागला, तर तुरटी आहे. पुढचं कोण?"

वर्तमानपत्र हललं नाही. उस्ताद कापड धरून उभे राहिले. कापडाची कडा थरथरत होती, सगळ्यांना दिसत होती. ती लपवायची त्यांनी काहीच खटपट केली नाही.

मग आतली खुर्ची करकरली. मास्तर उठले, गळ्यातल्या कापडासकट, एका गालावर वाळत आलेल्या फेसासकट, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसले.

"एक बाजू हिनं केली आहे," ते म्हणाले. "उरलेली तुम्ही करा."

लेकीनं दिवा थोडा खाली ओढून दिला. उस्तादांनी पातं बदललं. वाळलेल्या फेसावर ओला ब्रश फिरवला. करंगळी मास्तरांच्या जबड्यावर रोवली.

मास्तरांनी मान मागे टाकली, पण डोळे उघडेच ठेवले. उस्तादांनी ते मिटायला सांगितलं नाही.