गांडुळं एका बाजूला

राणीनं गांडूळखताच्या हौदावरचं ओलं पोतं उचललं आणि ती तशीच उभी राहिली.

खतात गांडुळं नव्हती. काल टाकलेला भाजीचा पाला कुणी तोंड न लावल्यासारखा पडला होता. शेण ओलं होतं, वासही रोजचाच होता. तिनं हातातल्या खुरप्यानं वरचा थर उकरला, मग खालचा. एक नाही. उकरताना मनगट ओल्या विटेला टेकलं आणि काहीतरी चावलं. मुंगी असेल म्हणून तिनं मनगट पदराला पुसलं.

हौदाच्या दुसऱ्या टोकाला तिला ती सापडली. विटांची कड ओलांडून सगळी बाहेरच्या कोरड्या फरशीवर आली होती. नारळाएवढा एक गोळा, त्याला चिकटून दुसरा, लहान. शेकडो गांडुळं एकमेकांत अशी गुंतली होती की तोंड कुठलं, शेपूट कुठलं कळत नव्हतं. अंगावर ऊन येत होतं. उजेड दिसला की आत दडणारा हा जीव. तरीही एकसुद्धा हौदाकडं परत वळत नव्हतं.

"काय बघतीस गं?"

तिची सासू बयाबाई मेंढ्या सोडून पाण्याची बादली घेऊन आली होती. अनवाणी. हौदावर पाणी मारायचं काम रोज सकाळी तिचंच.

"गांडुळं भाईर आल्याती, आत्याबाई. समदी."

"गरमी झाली आसंल. पानी मारलं की जात्याली."

कुंडलच्या शिबिरात खत शिकवायला आलेल्या बाईंनी एकदा मूठभर गांडुळं ताटलीत ठेवून दाखवली होती. ही एकेकटी पळत नाहीत, त्या म्हणाल्या होत्या. एकमेकाला अंग लावतात आणि सगळी मिळून एकीकडं जातात. तुमच्या हौदात असं झालं तर ती कुठं गेली ते बघत बसू नका, कशापासून गेली ते बघा.

राणीनं मान वळवली.

गांडुळांच्या उलट टोकाला शेडचा लोखंडी खांब हौदाच्या ओल्या शेणात रोवलेला होता. खांबाला विहिरीवरच्या मोटरची केबल बांधणीच्या तारेनं आवळली होती. काल सकाळी ती तिथं नव्हती. मोटर पहाटेपासून चालू होती. तिचा घुर्र आवाज इथवर येत होता.

मनगटावर मुंगी चावल्याची खूण नव्हती.

"आत्याबाई, थांबा."

"का?"

"पानी वतू नगा. फुडं येऊ नगा."

"वाळंल की गं समदं," म्हणत बयाबाईनं पाऊल टाकलंच. राणीनं तिचा दंड धरून मागं ओढलं. बादली कलंडली. पाणी खांबाच्या बुडाशी पसरत गेलं.

"येडी झालीस का?"

तेवढ्यात कळपातली पुढची मेंढी पाल्याच्या वासानं आली. ओल्यात पुढचे पाय ठेवून तिनं हौदात मान घातली. मानेची लोकर खांबाला घासली.

ती ओरडली नाही. ताठ झाली आणि आडवी पडली. मागचे पाय दोनदा झटकले गेले, मग तेही थांबले.

बयाबाईचं तोंड उघडंच राहिलं.

मागून बाकीचा कळप येत होता. एक जिकडं गेली तिकडं दुसरी, दुसरीमागं तिसरी, खाली माना घालून, रोजच्यासारख्या.

"मामा," राणी विहिरीकडं तोंड करून ओरडली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासऱ्यासमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. "मामा, मेन वढा. आदी मेन वढा."

विहिरीवरच्या सासऱ्यांना, आप्पासोंना, शब्द कळले की नुसता आवाज, कोण जाणे. त्यांनी मागं बघितलंसुद्धा नाही. हात वर गेला आणि मेन स्विचचा खटका खाली आला. मोटरचा आवाज बसत बसत बंद झाला.

दुसरी मेंढी तोवर पडलेलीला ओलांडून गेली होती. तिनं हौदात तोंड घातलं. राणीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा मेंढी पाला खात होती.

आप्पासो धापा टाकत आले. त्यांनी मेलेली मेंढी बघितली, खांब बघितला. तारेच्या पिळाखाली केबलचं रबर चिरलं होतं आणि आतलं तांबं खांबाला टेकलं होतं.

"मीच आवळली काल," ते म्हणाले. "खाली लोळत हुती, कुनाचा पाय आडकंल म्हनून."

मग ते राणीकडं वळले.

"तुला कसं कळलं गं?"

राणीनं फरशीकडं बोट दाखवलं. आप्पासो बघत राहिले. सून हे किडे पोसायला शेण वाया घालवते, असं ते गावभर सांगत. आता तेच किडे नीट बघायला ते खाली वाकले. आधाराला त्यांनी हात लांबवला, पण हाताशी धरायला तो खांबच होता, आणि हात त्यांनी झटक्यात मागं घेतला.

"म्या रोज तितंच हुबी ऱ्हाती," बयाबाई पुटपुटली. "त्येच जाग्याला. वल्यात."

मेंढ्या आजूबाजूनं पाला हुंगत फिरत होत्या. तिघंही मागं सरत सरत कोरड्या फरशीवर आली होती, हौदापासून जेवढं लांब जाता येईल तेवढी, भिंतीला पाठ लागेपर्यंत.

बयाबाईचं कपाळ राणीच्या खांद्याला टेकलं होतं. डोक्यावरचा पदर कधी घसरला ते राणीला कळलं नव्हतं. तिनं खाली बघितलं, तर सासऱ्याचं मनगट तिच्या मुठीत होतं.

तिनं ते सोडलं नाही.